जुनी मोटार, नवी मोटार आणि सदसद्विवेकबुद्धी

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी घेतलेली मोटार ठेवावी की काढावी, हा प्रश्न अलीकडे आपल्या धर्मग्रामातील पुष्कळ घरांत उपस्थित झाला आहे. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी हाती आली तेव्हा, म्हणजे २००९-१० च्या सुमारास, सोलापुरातील अनेक शिक्षकांनी आणि रेल्वे कर्मचाऱ्यांनी आयुष्यातील पहिली चारचाकी घेतली. त्या गाड्यांच्या आरसी बुकाची मुदत आता एकामागून एक संपत आहे. पूर्वी अशा वेळी प्रश्न एवढाच असे की, पैसे आहेत की नाहीत. आता त्याला पर्यावरण हा नवा शब्द येऊन मिळाला आहे. विक्रेता सांगतो की, जुनी गाडी हवा बिघडवते, नवी घेणे म्हणजे निसर्गावर उपकारच. घरातील आजोबा सांगतात की, धडधाकट वस्तू टाकून दुसरी घेणे हीच उधळपट्टी आणि तेच निसर्गाचे नुकसान. शाळेत पर्यावरणाचा धडा शिकून आलेली मुले कधी या बाजूला, तर कधी त्या बाजूला.

दोन्ही पक्ष सदसद्विवेकबुद्धीचाच हवाला देतात. जेथे दोन परस्परविरुद्ध मते एकाच सद्गुणाच्या नावाने मांडली जातात, तेथे भावनेपेक्षा हिशेब अधिक उपयोगी पडतो. बुरूज बांधू इच्छिणारा मनुष्य आधी खाली बसून खर्चाचा अंदाज घेतो, असे प्रभू येशूने लोकांना सांगितले. तो उपदेश आपल्या या लहानशा प्रश्नालाही लागू पडतो. म्हणून आम्ही येथे आधी कायदा, मग हिशेब आणि त्यानंतर मनातील हेतू, अशा क्रमाने विचार करू इच्छितो.

कायद्याविषयी बराच गैरसमज आहे. पंधरा वर्षे भरली की खासगी मोटार भंगारात द्यावीच लागते, असे अनेकांना वाटते. दिल्ली व तिच्या परिसरापुरते तसे निर्बंध आले. राष्ट्रीय हरित लवादाने दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांवर घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उचलून धरली, आणि २०२५ मध्ये तिच्या अंमलबजावणीवरून पुन्हा मोठा वाद झाला. सोलापूरला तो नियम नाही. आपल्याकडे पंधरा वर्षांनंतर आरटीओत गाडी दाखवावी लागते आणि ती रस्त्यावर चालण्यास योग्य ठरली तर पाच वर्षांसाठी पुन्हा पासिंग करून मिळते. केंद्र सरकारने १३ ऑगस्ट २०२१ रोजी सुरू केलेल्या वाहने मोडीत काढण्याच्या धोरणातही खासगी गाडीसाठी वयापेक्षा तंदुरुस्तीचीच कसोटी आहे. मात्र जुने ठेवणे महाग पडावे अशी व्यवस्था सरकारने केली आहे. पुनर्नोंदणीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. वीस वर्षांवरील मोटारीसाठी ते २०२५ मध्ये १०,००० रुपये करण्यात आले. शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो तो वेगळाच. याउलट जुनी गाडी अधिकृत केंद्रात मोडीत दिल्याचा दाखला जवळ असेल तर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते. तात्पर्य, कायदा आपल्याला एका दिशेने ढकलतो, पण निर्णय आपल्यावरच सोपवतो. आणि जेथे कायदा थांबतो तेथे नीतीचे काम सुरू होते.

ख्रिस्तसभेच्या नीतिशास्त्रात कोणतीही कृती तोलताना तीन गोष्टी पाहण्याची परंपरा आहे: कृती स्वतः काय आहे, ती करणाऱ्याचा हेतू काय आहे, आणि ती कोणत्या परिस्थितीत केली जात आहे. मोटार विकत घेणे ही कृती स्वतःहून पुण्य नव्हे आणि पापही नव्हे. मग सारा भार हेतूवर आणि परिस्थितीवर पडतो. परिस्थिती मोजता येते, म्हणून तिच्यापासूनच आरंभ करू.

मोटार पहिला किलोमीटर धावण्यापूर्वीच तिने पृथ्वीकडून बरेच काही घेतलेले असते. लोहखनिज खाणीतून काढून, कोळशाच्या भट्टीत वितळवून तिचे पोलाद झाले. प्रचंड वीज खर्चून ॲल्युमिनियम झाले. काच, रबर, प्लॅस्टिक, रंग, तांब्याच्या तारा या सर्वांसाठी कोठे ना कोठे भट्टी पेटलीच. एक साधी मोटार तयार होईपर्यंत पाच ते आठ टन कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, हवेत गेलेला असतो असा ढोबळ अंदाज केला जातो. आपण लहान गाडी धरू आणि पाच टन हाच आकडा घेऊ. जुन्या गाडीचे हे ओझे पृथ्वीने केव्हाच सोसले आहे. ती मोडीत काढली म्हणून ते परत मिळणार नाही. नवी गाडी घेणारा मात्र पृथ्वीकडून पाच टनांचे नवे कर्ज काढतो.

आता चालण्याचा खर्च पाहू. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कर्बवायू निघतो. जुन्या गाडीला लिटरमागे १२ किलोमीटरचे ॲव्हरेज मिळते आणि नवी २० देईल, असे समजा. एखादे निवृत्त शिक्षक दांपत्य रविवारी मिस्साला, आठवड्यातून एकदा बाजारात आणि वर्षातून दोन-तीनदा पुण्याला मुलाकडे जाते. त्यांचे वर्षाचे चालणे ५,००० किलोमीटर. जुन्या गाडीला त्यासाठी ४१७ लिटर पेट्रोल लागेल, नवीला २५०. वाचले १६७ लिटर, म्हणजे सुमारे ३८४ किलो कर्बवायू. नव्या गाडीच्या जन्माचे पाच टन या बचतीतून फेडायचे तर तेरा वर्षे लागतात. तेरा वर्षांनी ती नवी गाडीही जुनी झालेली असेल, आणि विक्रेता पुन्हा दारात उभा असेल.

तेच गणित दुसऱ्या माणसाला लावून पाहा. सोलापूर-पुणे मार्गावर भाड्याची गाडी चालवणारा एक तरुण वर्षाला ६०,००० किलोमीटर धावतो, आणि त्याचीही गाडी पेट्रोलचीच आहे असे धरू. जुन्या गाडीला ५,००० लिटर लागतील, नवीला ३,०००. दोन हजार लिटरची बचत म्हणजे ४.६ टन कर्बवायू. त्याच्या नव्या गाडीचे कर्ज तेरा महिन्यांत फिटते. एकाला तेरा वर्षे, दुसऱ्याला तेरा महिने! गाड्या त्याच, इंधन तेच. फरक केवळ किलोमीटरचा. निवृत्त शिक्षकांनी पर्यावरणासाठी नवी गाडी घेतली तर हिशेब चुकतो, आणि त्या तरुणाने पर्यावरणासाठी जुनी गाडी ओढत नेली तरीही हिशेब चुकतो.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या या गाडीने कित्येक दशके मुंबईकरांची सेवा केली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा होती, शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३ मध्ये झाली होती, आणि म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती मुंबईच्या रस्त्यांवरून टॅक्सी म्हणून नाहीशी झाली. अनेकांना हळहळ वाटली, ती स्वाभाविक होती. परंतु दिवसभर गर्दीत फिरणाऱ्या वाहनाला वरील गणित लावले तर ती मर्यादा योग्यच ठरते. तीच पद्मिनी सोलापुरात एखाद्या घरी निगुतीने सांभाळलेली असेल आणि सणासुदीलाच बाहेर निघत असेल, तर कर्बवायूच्या हिशेबात तिचा अपराध फार लहान आहे.

'कर्बवायूच्या हिशेबात' असे आम्ही मुद्दाम म्हटले, कारण याखेरीज दुसरीही एक खातेवही आहे. कर्बवायू साऱ्या पृथ्वीला तापवतो. तो सोलापुरात सुटला काय आणि लंडनमध्ये सुटला काय, परिणाम एकच. परंतु कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळालेले इंधन, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि काजळीचे सूक्ष्म कण हे जवळच्या माणसाच्या छातीत जातात. सात रस्त्याच्या सिग्नलला दुचाकीवर आईच्या पुढे उभे असलेले मूल, चौकातील वाहतूक पोलीस, हातगाडीवर फळे विकणारी बाई, यांना तो धूर रोज श्वासाबरोबर मिळतो. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात, ज्यांची हवा ठरलेल्या निकषांत बसत नाही अशा शहरांच्या यादीत सोलापूरचे नाव आहे, हे आपण विसरू नये. रस्त्यावरची धूळ आणि इतर कारणेही त्यामागे आहेत, परंतु वाहनांचा धूर त्यातून वगळता येत नाही.

या दुसऱ्या वहीत गाडीचे वय खरोखर महत्त्वाचे ठरते. धुरातील विषारी द्रव्ये कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आपल्या देशात १९९५ मध्ये प्रथम चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना सक्तीचा झाला. शिसेयुक्त पेट्रोल २००० साली देशभर बंद झाले. पुढे भारत स्टेजचे निकष टप्प्याटप्प्याने कडक होत गेले. २०१० मध्ये बीएस-४ हा टप्पा ज्या तेरा शहरांत प्रथम लागू झाला, त्यांत मुंबई-पुण्याबरोबर सोलापूरही होते. उर्वरित देशात तो २०१७ पर्यंत पोहोचला, आणि १ एप्रिल २०२० पासून सर्वत्र बीएस-६ आला. त्यात डिझेल मोटारीच्या नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा आधीच्या टप्प्याच्या एकतृतीयांशाहूनही खाली आणली गेली, आणि इंधनातील गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत ५० भागांवरून १० भागांवर आले. म्हणजे कन्व्हर्टर नसलेली १९९२ ची गाडी, २००८ ची डिझेल गाडी आणि २०११ ची पेट्रोल गाडी या तिन्ही 'जुन्या' असल्या, तरी शेजाऱ्याच्या फुप्फुसाच्या दृष्टीने त्या एका रांगेत बसत नाहीत.

येथे आमचे मत आम्ही स्पष्टपणे सांगतो. दूरच्या शेजाऱ्याचे भले केल्याचा दाखला दाखवून जवळच्या शेजाऱ्याच्या तोंडावर धूर सोडता येत नाही. दोन्ही वह्या वेगळ्या आहेत. एकीतील शिल्लक दुसरीतील कर्ज फेडायला चालत नाही. मागे काळा वा निळसर धूर ओकणारी गाडी वर्षाला हजारच किलोमीटर चालत असली तरी ती आहे तशी चालवण्याचा अधिकार मालकाला नाही. हा प्रश्न दयेचा नाही, न्यायाचा आहे. त्यावरील पहिला उपाय मात्र नवी गाडी हा नव्हे. पुष्कळदा एअर फिल्टर, प्लग, इंजेक्टरची सफाई, किंवा फार झाले तर इंजिनाचे काम एवढ्याने धूर थांबतो. आपल्या शहरात असे काम प्रामाणिकपणे करून देणारे मेस्त्री अजून आहेत आणि त्यांचाही संसार याच कौशल्यावर चालतो. आणखी एक गोष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. गाडी न तपासताच पैसे देऊन पीयूसीचा कागद घेणे ही मामुली गोष्ट नाही. खोट्या साक्षीविरुद्धची आठवी आज्ञा तेथे लागू होते, आणि त्या खोट्याची किंमत दुसऱ्याच्या छातीतून वसूल होते.

आता आपली जुनी गाडी काढून टाकली की तिचे पुढे काय होते, हे पाहू. शहरातील माणूस नवी गाडी घेतो तेव्हा जुनी बहुधा मोडीत जात नाही. ती विकली जाते. मंगळवेढा, सांगोला, अक्कलकोट या बाजूच्या एखाद्या गावी ती आणखी दहा वर्षे चालते, आणि कदाचित पूर्वीपेक्षा जास्त चालते. तिला विकत घेणाऱ्याचा त्यात दोष नाही. दवाखान्यासाठी, शेतमालासाठी त्याला तिची गरज असते. परंतु विकणाऱ्याने 'आम्ही प्रदूषण कमी केले' असे म्हणू नये. त्याने आपला धूर अधिक गरीब माणसाच्या अंगणात पाठवला आणि वर पाच टनांचे नवे कर्ज काढले, एवढेच घडले. गाडी धडधाकट असेल तर विकण्यात काहीच गैर नाही. दुरुस्तीपलीकडे गेली असेल, तर अधिकृत केंद्रात ती मोडीत देणे हाच सरळ मार्ग. तेथे तेल, बॅटरी आणि इतर घातक भाग वेगळे काढले जातात आणि पोलाद पुन्हा भट्टीत जाते. ओसाड जागेत गंजत ठेवलेली गाडी मात्र जमिनीत तेल झिरपवते आणि कोणाच्याच उपयोगी पडत नाही.

जगात इतरत्रही हा पेच उभा राहिला आहे. २००९ च्या मंदीत जर्मनीने नऊ वर्षांवरील मोटार मोडीत देऊन नवी घेणाऱ्याला २,५०० युरो दिले आणि त्या रकमेला पर्यावरण अनुदान असे नाव दिले. त्याच वर्षी अमेरिकेनेही तशीच योजना राबवली. तेथे जमा झालेल्या गाड्यांच्या इंजिनांत सोडियम सिलिकेटचे द्रावण घालून ती कायमची निकामी करण्यात आली. दोन्ही योजनांमागे मोटार कारखाने आणि त्यांतील रोजगार वाचवणे हा उघड उद्देश होता. कामगारांची काळजी करणे चांगलेच आहे. चाकण-पिंपरीत मुले कामाला असलेली कुटुंबे आपल्या धर्मग्रामातही आहेत. परंतु एका चांगल्या हेतूला दुसऱ्या चांगल्या हेतूचे नाव दिले की नागरिकाची विचारशक्ती गोंधळते. चालू स्थितीतील लाखो इंजिने नष्ट करण्याला निसर्गसेवा म्हणावे काय, याचा ज्याने त्याने विचार करावा.

'मग विजेची गाडी घेतली की प्रश्न मिटला' असे काही तरुण वाचक म्हणतील. विजेची गाडी रस्त्यावर धूर सोडत नाही, हा तिचा मोठा गुण आहे आणि सिग्नलवरच्या त्या मुलासाठी तो निर्णायक आहे. परंतु आपल्या दक्षिण सोलापूर तालुक्यात फताटेवाडीजवळ एनटीपीसीचा १,३२० मेगावॅटचा प्रकल्प उभा आहे. त्याचे दोन संच २०१७ आणि २०१९ मध्ये सुरू झाले. तेथे कोळसा जळतो. देशातील वीज अजूनही मोठ्या प्रमाणात कोळशावरच तयार होते आणि एका युनिटमागे सरासरी ७०० ग्रॅमच्या आसपास कर्बवायू निघतो. लहान विजेची गाडी किलोमीटरला सुमारे ०.१५ युनिट घेते असे धरले, तर किलोमीटरला शंभरेक ग्रॅम होतात. वीस ॲव्हरेजच्या पेट्रोल गाडीचे ११५ होतात, बारा ॲव्हरेजच्या जुन्या गाडीचे १९२. खनिज तेल काढून शुद्ध करण्याचा खर्च मिळवला तर पेट्रोलचे पारडे आणखी जड होते. उलट बॅटरी तयार करण्याचा खर्च विजेच्या गाडीच्या जन्मकर्जात भर घालतो. म्हणजे येथेही निर्णय पुन्हा किलोमीटरवरच येतो. विजेच्या गाडीचा एक विशेष मात्र मान्य केला पाहिजे. पेट्रोलची गाडी वयाबरोबर अधिक मलिन होते. विजेची गाडी, देशाची वीज स्वच्छ होत गेली किंवा घराच्या छपरावर सौर पॅनेल बसले, तर वयाबरोबर अधिक स्वच्छ होऊ शकते.

इंधनाच्या बाबतीतही 'हिरवा' हा शब्द जपून वापरावा लागतो. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल मिसळले जाते. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा, त्यामुळे ऊस उत्पादकांना या धोरणाने आधार मिळतो, हे खरे. परंतु इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने लिटरमागे सुमारे एकतृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून ॲव्हरेज घटते. आणि जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या व सील यांकडे मालकाला अधिक लक्ष द्यावे लागते. उसापासून एक लिटर इथेनॉल मिळवण्यास सुमारे २,८६० लिटर पाणी लागते, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच नमूद आहे. उजनीच्या पाण्याची वाट पाहत नळापुढे घागरी लावणाऱ्या सोलापूरकराला या आकड्याचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

आता एका गंभीर आक्षेपाचा विचार करू. जुनी गाडी अपघातात तितके संरक्षण देत नाही. चालकासाठी एअरबॅग आपल्याकडे २०१९ मध्ये सक्तीची झाली. त्यापूर्वीच्या अनेक साध्या गाड्यांत ती नाही. ज्या कुटुंबाला लहान मुलांना घेऊन वारंवार महामार्गावरून जावे लागते, त्याने केवळ या कारणासाठी गाडी बदलली तर आम्ही त्यास योग्यच म्हणू. जीविताचे रक्षण हे पाचव्या आज्ञेचे अंग आहे, आणि पाच टनांच्या हिशेबापुढे त्याचे वजन अधिक आहे. दूरच्या उपकेंद्रांवर रोज जाणाऱ्या धर्मगुरूंच्या व धर्मभगिनींच्या गाडीलाही हेच लागू होते.

उरला हेतू. हा मोजता येत नाही आणि म्हणूनच तो फसवतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १ जानेवारी १९९० च्या शांतिदिनाच्या संदेशात निसर्गाची हानी हा मुळात नैतिक प्रश्न असल्याचे सांगितले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात वापरून फेकून देण्याच्या संस्कृतीवर बोट ठेवले आणि वस्तू पुन्हा वापरण्यातही प्रीतीची कृती असू शकते हे दाखवले. त्यांचे स्वतःचे आचरण या विषयात मार्गदर्शक आहे. जुलै २०१३ मध्ये धर्मगुरू व धर्मभगिनी होऊ घातलेल्या तरुणांशी बोलताना, सेवाव्रती माणसाने अगदी नव्या मॉडेलची गाडी मिरवावी याचे आपणास दुःख होते, असे त्यांनी सांगितले. त्याच वर्षी इटलीतील एका वयस्क धर्मगुरूंनी त्यांना तीन लाख किलोमीटर चाललेली १९८४ ची रेनो गाडी भेट दिली, ती त्यांनी आनंदाने स्वीकारली. आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनीच विजेवर चालणारी नवी पोपमोबाइलही स्वीकारली. यात विसंगती नाही. गरज नसताना नवे नको आणि गरज असेल तेथे स्वच्छ ते हवे, हे एकाच मनाचे दोन निर्णय आहेत.

आपल्या मनाची परीक्षा कशी करावी? आम्ही एक साधी कसोटी सुचवतो. ही नवी गाडी शेजारी, नातलग आणि कार्यालयातील सहकारी यांपैकी कोणालाच दिसणार नाही, अशी अट घातली तर आपण ती घेऊ काय? उत्तर 'होय' असेल तर गरज खरी आहे. उत्तर अडखळत आले, तर पर्यावरणाचे नाव आपण दुसऱ्याच कशाला तरी दिले आहे. नवी वस्तू आवडणे यात पाप नाही. आवडीला परोपकाराचा वेष चढवणे यात असत्य आहे. आणि सात वर्षांच्या हप्त्यांखाली दबलेले घर मुलांच्या शिक्षणाला, आजारी आईबापांना आणि गरजूंच्या दानाला किती उरवू शकते, हाही प्रश्न त्याच परीक्षेत येतो. नवी मोटार घेतली की ती आशीर्वादासाठी चर्चच्या आवारात आणण्याची आपली सुंदर प्रथा आहे. इंजिनाचे काम करून घेतलेली, धूर थांबवलेली जुनी गाडी कोणी आशीर्वादासाठी आणल्याचे आम्ही अजून पाहिलेले नाही. आणल्यास तिच्यावरही आम्ही तितक्याच आनंदाने पवित्र जल शिंपडू.

वरील दोन्ही वह्यांत आणि प्रत्येक उदाहरणात एक आकडा पुन्हा पुन्हा आला, तो किलोमीटरचा. यावरून दिसते की गाडी कोणतीही असो, ती कमी चालवणे हा दोन्ही वह्यांत एकाच वेळी जमा पडणारा एकमेव उपाय आहे. होटगी रस्त्यावरच्या एकाच वसाहतीतून रविवारी मिस्साला चार मोटारी येतात आणि प्रत्येकीत दोन-दोन माणसे असतात. दोन मोटारींत आठ जण सहज मावतील, आणि वृद्ध शेजाऱ्यालाही सोबत मिळेल. सार्वजनिक वाहतूक चांगली असावी असा आग्रह धरणे हेही आपलेच काम आहे. केंद्राच्या योजनेतून २०१४ च्या सुमारास आपल्या महानगरपालिकेच्या परिवहन उपक्रमाकडे नव्या बसगाड्या आल्या, परंतु त्यांतील अनेकींच्या चासीला तडे गेले आणि त्या वर्षानुवर्षे उभ्याच राहिल्या. नवे म्हणजे चांगले, हा समज किती महागात पडतो याचा तो सोलापूरचा धडा. आता २०२३ च्या पीएम ई-बस सेवा योजनेत सोलापूरचा समावेश झाला आहे. त्या बस नीट चालाव्यात, वेळेवर याव्यात, यासाठी नागरिक म्हणून आपण लक्ष ठेवले आणि त्यांत स्वतः बसलो, तर एका मोटारीच्या अदलाबदलीपेक्षा अधिक साध्य होईल.

तेव्हा ज्या कुटुंबाची गाडी पंधरा वर्षांची झाली आहे, त्याने पासिंगला जाण्यापूर्वी एका संध्याकाळी जेवणानंतर एकत्र बसावे. वर्षाचे किलोमीटर किती, ॲव्हरेज किती, धूर आहे का, महामार्गावर किती जावे लागते, हे कागदावर मांडावे. चालणे कमी, धूर नाही आणि गाडी सुरक्षित असेल, तर पाच हजार रुपये शुल्क व पर्यावरण कर विनातक्रार भरून गाडी ठेवावी आणि ती वेळच्या वेळी मेस्त्रीला दाखवावी. चालणे पुष्कळ असेल किंवा धूर दुरुस्तीने थांबत नसेल, तर गरजेपुरती लहान गाडी घ्यावी, आणि जुनीचा शेवट कोठे होणार याचीही जबाबदारी घ्यावी. या कागदावर मुलांनाही आकडे लिहू द्यावेत. आपले आईवडील पैशांबरोबर शेजाऱ्याच्या श्वासाचाही हिशेब करतात, हे त्यांनी पाहिले तर त्या संध्याकाळचा उपयोग गाडीपेक्षा अधिक वर्षे टिकेल. स्वर्गराज्याचा शिष्य झालेला शास्त्री आपल्या भांडारातून नवे आणि जुने दोन्ही काढणाऱ्या गृहस्थासारखा असतो, असे शुभवर्तमान सांगते. कोणते केव्हा काढावे, हे ओळखण्याची सुबुद्धी परमेश्वर आपणा सर्वांस देवो.